सनद आणि हुन्नर

उर्दू शाळांत शिकवणाऱ्या, बारावीनंतर डीएड केलेल्या आपल्या मुलामुलींकडून एक प्रश्न मला वारंवार येतो: ‘टीचर, पदवी नाही, पण इंग्रजी बरं येतं. बाहेरच्या देशात इंग्रजी शिकवायला जाता येईल का?’

यांपैकी कित्येकजण पदवीधरांपेक्षा चांगलं शिकवतात. पहिलीच्या चाळीस मुलांना एका खोलीत सांभाळून अक्षरं गिरवायला लावणं हा मोठा हुन्नर आहे. पण परवाना देणारा अधिकारी तुमचा वर्ग पाहायला येत नाही. तो सनद पाहतो. उर्दूत आपण पदवीच्या कागदाला सनदच म्हणतो.

आधी एक फरक लक्षात घ्या. व्हिसा म्हणजे दारातून आत येण्याची मुभा; कामाचा परवाना म्हणजे आत राहून पगार घेण्याची मुभा. काही एजंट पहिली गोष्ट दाखवतात आणि दुसरीचे पैसे घेतात.

आता देश पाहू. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्याचा ‘ई-२’ व्हिसा मुळात अमेरिका, ब्रिटनसारख्या सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांसाठी आहे. २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया करारामुळे आपल्यासाठीही दार किलकिलं झालं, पण त्यासाठी पदवी हवी आणि इंग्रजी शिकवण्याची अध्यापन पात्रताही हवी. थायलंडमध्ये शाळेत शिकवायचं तर तिथल्या शिक्षक परिषदेचा परवाना किंवा तात्पुरती सूट लागते, आणि तिथेही पदवीच विचारतात.

जपानचा नियम जास्त बारकाईने वाचण्यासारखा आहे. खासगी भाषावर्गांत शिकवण्यासाठी ज्या वर्गाचा व्हिसा लागतो, त्यात पदवी नसली तरी तीन वर्षांचा संबंधित अनुभव चालतो. म्हणजे हुन्नराला तिथे थोडी किंमत आहे. पण शाळेत सहायक भाषाशिक्षक व्हायचं, तर बारा वर्षांचं शिक्षण त्याच भाषेतून झालेलं असावं लागतं. उर्दू किंवा मराठी माध्यमातून शिकलेल्याला हे दार पदवी घेऊनही उघडत नाही. ही गोष्ट कोणी मोठ्याने सांगत नाही, म्हणून मी सांगते.

राहिला कंबोडिया. तिथे पदवीशिवाय शिकवणारे परदेशी शिक्षक पूर्वीपासून आहेत, हे खरं. पण अर्धं खरं फार महाग पडतं. माझी एक जुनी विद्यार्थिनी, आठ वर्षं शिकवत असलेली, आईच्या बांगड्या मोडायला निघाली होती. एजंटने दीड लाख मागितले होते आणि ‘आधी टुरिस्ट व्हिसावर जा, परवाना तिथे होईल’ असं सांगितलं होतं. मी तिला त्याला तीन गोष्टी विचारायला सांगितल्या: शाळेचं नाव आणि पत्ता काय, कामाचा परवाना कोण काढणार आणि कधी, आणि तुमचा नोंदणी क्रमांक काय? तिसऱ्या प्रश्नानंतर त्याने फोन उचलणं बंद केलं. बांगड्या घरातच राहिल्या.

तो क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर तपासता येतो. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. थायलंडमधल्या नोकरीच्या आमिषाने तरुणांना म्यानमारमध्ये नेऊन अडकवल्याबद्दल याच मंत्रालयाने २०२२ मध्ये इशारा दिला होता. तेव्हा टुरिस्ट व्हिसावर नोकरीला जाण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो आपला माणूस नाही असं समजावं.

१२० तासांचं ‘टेफल’ प्रमाणपत्र विकणारेही पुष्कळ आहेत. ते शिक्षणाला उपयोगी पडतं. पण जिथे कायदा पदवी मागतो, तिथे पदवीची जागा घेत नाही. विकतच्या बनावट पदवीचा तर विचारही नको. सनदेचं प्रमाणीकरण करताना विद्यापीठाकडे विचारणा होते, आणि तिथे सापडलं तर परवान्याबरोबर अब्रूही जाते.

मग करायचं काय? डीएड ही तयारीच आहे, फक्त पदवीची जोड हवी. १९८५ मध्ये स्थापन झालेलं इग्नू आणि १९८९ मध्ये स्थापन झालेलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नोकरी करणाऱ्यांना घरबसल्या शिकवत आलं आहे. तीन वर्षांत इंग्रजी विषय घेऊन बीए होतं. एकच सावधगिरी बाळगा: काही आखाती देशांत पदवीची समकक्षता ठरवताना ती नियमित वर्गातली की मुक्त विद्यापीठातली, हेही पाहतात. म्हणून आधी देश ठरवा, मग विद्यापीठ.

‘टीचर, तीन वर्षं?’ असं कोणी म्हटलं की मी एवढंच सांगते: ही तीन वर्षं तशीही जाणारच आहेत. त्यांच्या शेवटी हातात सनद असेल की एजंटची पावती, एवढंच आपल्या हातात आहे.