एका खुर्चीपुरतं गाणं

स्पीकर कितीही चांगले घेतले तरी ऐकू येते ती खोली धरूनच. आमची बैठकीची खोली ४.३ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४४ मीटर. त्याला लांबीच्या दुपटीने भागलं की ४० हर्ट्झ येतात. म्हणजे ४०, ८०, १२० हर्ट्झचे स्वर ही खोली आपणहून घुमवणार. हा घुमारा भिंतींलगत सर्वांत जास्त, त्यामुळे भिंतीला टेकून बसलं की डग्ग्याचा प्रत्येक ‘धा’ पुढच्या बोलावर सांडतो. स्पीकर कोपऱ्यात असले तर दोन भिंती आणि फरशी मिळून खर्ज आणखी फुगवतात.

जमिनीवर उभे राहणारे, कमरेएवढ्या उंचीचे आमचे स्पीकर मी रोज थोडे थोडे पुढे ओढत गेलो. एकच तबल्याची साथ, एकच आवाज, आणि फरशीवर खडूची खूण. मागच्या भिंतीपासून ९० सेंटिमीटरवर डग्गा मोकळा झाला. दोन स्पीकरांमध्ये १.८ मीटर अंतर, आणि खुर्ची दोघांपासून सारखी, साधारण २ मीटरवर.

खुर्चीची जागा तपासायला मी केसरबाई केरकर लावल्या. ७८ आरपीएमच्या तबकड्या मोनो. दोन्ही स्पीकरांतून तंतोतंत एकच आवाज येतो. सगळं जुळलं असेल तर गाणारी व्यक्ती दोन स्पीकरांच्या बरोबर मधोमध, रिकाम्या जागेत उभी राहते. तशा केसरबाई उभ्या राहिल्या. पण फक्त माझ्यासाठी.

आई डाव्या बाजूच्या दिवाणावर बसते. तिच्या कानावर डाव्या स्पीकरचा आवाज आधी आणि मोठा पोचतो, म्हणून तिला सगळं गाणं त्या एकाच खोक्यातून येतं. “तुझा उजवा बंद आहे का रे?” तिने विचारलं.

आमच्या घरात गाणं एकट्याने ऐकायची रीत नव्हती. चांगली जागा आली की दाद देताना शेजारच्याकडे बघायचं असतं.

म्हणून मी दोन्ही स्पीकर आतल्या बाजूला बरेच वळवले, इतके की त्यांच्या रेषा खुर्चीच्या पुढेच एकमेकींना छेदतात. आता दिवाणावर बसणाऱ्याला जवळचा डावा स्पीकर तिरका पडतो, आणि लांबचा उजवा त्याच्याकडे अधिक रोखलेला असतो. वरच्या स्वरांत जवळचा थोडा दबतो, लांबच्याला थोडं बळ मिळतं. आवाज पुरता मधे येत नाही, पण डाव्या खोक्यातून सुटतो.

खुर्चीतलं चित्र मात्र किंचित पसरलं. तंबोरे आधी जितके रेखीव दिसायचे तितके आता दिसत नाहीत.

बाल्कनीकडे जाणारी वाट स्पीकरमुळे अरुंद झाली आहे. कपडे वाळत घालायला जाताना आई अंग चोरून जाते, आणि येताना दिवाणावर टेकते. समेवर तिचा हात मांडीवर पडतो तेव्हा मी खुर्चीतून मान वळवून बघतो. मान वळवली की मधोमध बसण्याचा हिशेब तसाही चुकतोच.