इस्तंबूलचा एक दिवस, अम्मींच्या चालीने

उमरा करून परतताना इस्तंबूलला एक-दोन रात्री थांबण्याची पद्धत अलीकडे बरीच रुळली आहे. आमच्या ओळखीतली तीन-चार कुटुंबं तशी थांबून आली आणि प्रत्येकाने वेगळाच सल्ला दिला. कुणी म्हणालं बाजार चुकवू नका, कुणी म्हणालं बॉस्फरसची सहल हवीच, कुणी राजवाड्यांची यादी दिली. आमच्याकडे पूर्ण असा एकच दिवस होता. सोबत एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई, म्हणजे अम्मी, ज्यांचे दोन्ही गुडघे बोलतात. तेरा वर्षांचा मुलगा, ज्याला प्रत्येक गोष्टीची तारीख हवी असते. आणि सात वर्षांची मुलगी, जिला दर तासाला भूक लागते. दीड कोटीहून जास्त माणसांचं, दोन खंडांवर पसरलेलं शहर असल्या फौजेला घेऊन पाहायचं कसं?

तोड अम्मींनीच काढली. "नमाज पाच आहेत ना? मग पाच वेळा बसायला मिळेल. तसं ठरवा." त्या हिशोबाने आम्ही दिवस आखला. एका वेळेला एक मशीद, मधल्या वेळेत वाटेवरचं जे दिसेल ते. मोठं माणूस सोबत असेल तर याहून चांगलं वेळापत्रक मला तरी सुचणार नाही. दर दोन-तीन तासांनी पाय पसरायला गालिचा मिळतो, स्वच्छतागृह मिळतं, पाणी मिळतं आणि मशिदीत जायला पैसे लागत नाहीत.

फजरसाठी आयासोफिया. आमचं उतरायचं ठिकाण सुलतानअहमत भागातच होतं, त्यामुळे अंधारात पाचेक मिनिटं चालून पोचलो. इथे एक गोष्ट माहीत असलेली बरी. जानेवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांना वरच्या सज्जात वेगळ्या दाराने सोडतात आणि त्याचं तिकीट पंचवीस युरो आहे. खालचा भाग नमाजसाठी राखलेला असून नमाज पढायला येणाऱ्याला तिकीट नाही. फजरच्या वेळी दारात गर्दी नव्हतीच. मुलाला तारखा हव्या होत्या, त्या मी आत शिरण्यापूर्वीच सांगून टाकल्या. सम्राट जस्टिनियनने इसवी सन ५३७ मध्ये हे चर्च म्हणून पुरं केलं, नऊशेहून अधिक वर्षं ते चर्च राहिलं. १४५३ मध्ये सुलतान मेहमत दुसऱ्याने शहर जिंकल्यावर मशीद झाली. १९३४ च्या निर्णयाने संग्रहालय झालं आणि २०२० मध्ये पुन्हा मशीद. त्यातलं मी काहीच गाळलं नाही. खडकीत मशीद, चर्च, देऊळ, गुरुद्वारा सगळं जवळजवळ पाहत वाढलेल्या मुलाला अर्धा इतिहास सांगून भागत नाही. तो उरलेला अर्धा विचारतोच. त्याने विचारलंही, "मग त्या लोकांना वाईट वाटलं असेल ना?" मी म्हटलं, "वाटलं असणार, आजही वाटतं." त्यावर तो गप्प राहिला.

घुमटाबद्दल फार लिहीत नाही, छायाचित्रांतून तो सगळ्यांनी पाहिलेला आहे. मला लक्षात राहिली ती बायकांसाठी आखून दिलेली जागा आणि तिथे आलेल्या बायका. हातात किल्ल्यांचा जुडगा असलेली एक, कामावर जाण्याच्या कपड्यांतली एक, एक म्हातारी. अम्मींनी मागे ठेवलेल्या खुर्चीवर बसून नमाज पढली आणि त्यानंतर बराच वेळ त्या नुसत्या त्या बायकांकडे पाहत होत्या.

कारण सांगते. अम्मींना लग्न होऊन खडकीत अठ्ठेचाळीस वर्षं झाली. आमचं घर मोहल्ल्याच्या मशिदीपासून चाळीस-पन्नास पावलांवर आहे. अजान त्यांना भिंतीतून ऐकू येते. दर रमजानमध्ये इफ्तारीचं ताट आमच्या घरून जातं, गालिच्यांची खोळ त्यांनी शिवून दिली आहे आणि पोरं आजारी असताना मगरिबच्या नमाजनंतर पाण्याचा पेला घेऊन, बाहेर पडणाऱ्या नमाजींकडून फुंकर घालून घ्यायला त्या पायरीशी उभ्या राहिल्या आहेत, आपल्या सगळ्याच आया राहतात तशा. पण पायरीच्या आत त्या कधी गेलेल्या नाहीत. तिथे बायकांसाठी जागाच नाही. मक्का-मदिनेत त्यांनी नमाज पढली तेव्हा त्यांना त्यात नवल वाटलं नाही. "तिथलं वेगळं," त्या म्हणत होत्या, "तिथे सगळे पाहुणेच." इस्तंबूलमध्ये मात्र त्यांना दिसल्या त्या पाहुण्या नव्हत्या, गल्लीतल्या बायका होत्या.

सकाळी नाश्त्याला सिमित, म्हणजे तीळ लावलेला पावाचा गोल कडा, आणि काळा चहा. मुलीचं काम तेवढ्यावर भागलं. समोरच्या सुलतानअहमत मशिदीत आम्ही पाहुणे म्हणून गेलो, नमाजची वेळ नव्हती. सुलतान अहमत पहिल्याने १६०९ ते १६१६ या काळात ती बांधून घेतली. आतल्या इझनिकच्या निळ्या फरश्या वीस हजारांच्या वर आहेत आणि मिनार सहा. मुलाने सहाही मोजून खात्री केली. तोपकापी राजवाडा आम्ही सोडला. तिथली पवित्र अवशेषांची दालनं पाहायची फार इच्छा होती, पण तो अर्ध्या दिवसाचा ऐवज आहे आणि अम्मींच्या गुडघ्यांना तो पेलला नसता. तुम्ही जाणार असाल तर मंगळवार टाळा, त्या दिवशी तो बंद असतो.

तिथून ट्रामने बायझित. 'इस्तंबूलकार्ट' नावाचं एकच कार्ड ट्राम, बस, मेट्रो आणि बोट सगळीकडे चालतं, हे या शहराचं मोठं सुख. झाकलेला बाजार आम्ही पंधरा मिनिटांत उरकला. हजारोंनी दुकानं, प्रत्येक दुकानदार 'इंडिया? शाहरुख खान?' म्हणून हाक मारतो आणि भाव पहिल्याच वाक्यात दुप्पट सांगतो. आपल्या खडकी बाजारात घासाघीस करून तयार झालेल्या बाईला त्यात नवीन काही नाही. एक केशरी स्कार्फ घेतला आणि बाहेर पडलो.

दिवसातला सर्वांत चांगला वेळ गेला सुलेमानियेत. सुलतान सुलेमानसाठी मिमार सिनान यांनी १५५० ते १५५७ या सात वर्षांत ही मशीद उभारली, टेकडीवर, खाली खाडी दिसेल अशी. सुलतानअहमतच्या मानाने इथे गर्दी कमी आणि सजावटही कमी; उजेड जास्त. मला विचाराल तर एकच मशीद पाहायची असेल तर ही पाहा. मशिदीभोवती मदरसे, दवाखाना, गरिबांसाठी स्वयंपाकघर, हमाम असा सगळा संसार त्याच वेळी बांधला होता. म्हणजे माणूस नमाजला आला की त्याचं शिक्षण, औषध, जेवण तिथेच. मागच्या अंगणात सुलेमान आणि त्याची बेगम हुर्रेम यांच्या कबरी स्वतंत्र इमारतींत आहेत. मुलाने आता सिनान हे नाव वहीत लिहून घेतलं. मोठा होऊन इंजिनियर होण्याचं त्याचं आधीच ठरलेलं होतं. खडकीतल्या मुलांना सॅपर्सची छावणी पाहून तसं वाटतंच.

जोहर तिथेच झाली. प्रवासात असल्याने एकट्याने पढलं तर दोन रकात, पण जमातीत स्थानिक इमामामागे चारही पढाव्या लागतात, हे मुलाला समजावत असताना शेजारच्या तुर्की आजींनी अम्मींना विचारलं, "पाकिस्तान?" अम्मी म्हणाल्या, "हिंदुस्तान." "हा, हिंदिस्तान!" त्या आजी हसल्या आणि त्यांनी अम्मींचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण चाय, किताब, दुकान, हवा, नमाज असे शब्द जुळत गेले. गंमत म्हणजे मुसाफिर हा आपला शब्द तिकडे 'मिसाफिर' होतो आणि त्याचा अर्थ होतो पाहुणा. त्या आजी अम्मींना मिसाफिर म्हणत होत्या. उठताना त्यांनी शेजारी ठेवलेली भाजीची पिशवी उचलली, कांद्याची पात बाहेर डोकावत होती, आणि त्या निघून गेल्या.

अम्मी मला म्हणाल्या, "ही बाजारात निघाली होती गं. वाटेत वेळ झाली म्हणून आली." ही एवढी गोष्ट त्यांनी दिवसभरात चार वेळा सांगितली. माझ्या नवऱ्याला दोनदा.

जेवण मशिदीसमोरच्या रांगेतल्या एका जुन्या खानावळीत. कुरू फासुल्ये म्हणजे पांढऱ्या घेवड्याची मंद आंचेवर शिजवलेली उसळ, सोबत लोण्यातला भात, लोणचं आणि आयरान, म्हणजे आपलं मीठ घातलेलं ताक. मसाला जवळजवळ नाही. नवऱ्याला ते आजाऱ्याचं जेवण वाटलं. मुलीने दोन ताटं संपवली. हलालची चौकशी करावी लागत नाही हे खरं, पण काही हॉटेलांत दारूही मिळते, तेव्हा बसण्यापूर्वी एकदा यादी पाहावी.

असरला एयूप सुलतान. एमिनोनूहून खाडीच्या काठाने नवी ट्राम जाते. तिला वर तार नाही, वीज जमिनीतून घेते, त्यामुळे मुलगा खिडकी सोडून खाली रुळांकडेच पाहत राहिला. हजरत अबू अय्यूब अन्सारी यांचं नाव आपल्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. हिजरतनंतर मदिनेत रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांची उंटीण ज्यांच्या दारी थांबली, ज्यांच्या घरी ते काही महिने राहिले, ते हे यजमान. उतारवयात ते कुस्तुंतुनियाच्या मोहिमेसोबत आले आणि शहराच्या तटाबाहेर आजाराने वारले. १४५३ नंतर तिथे मशीद बांधली गेली. आजची इमारत भूकंपात पहिली मोडकळीस आल्यावर १८०० मध्ये पुरी झालेली आहे. अंगणात पांढरे चमकदार कपडे आणि तुरा लावलेली टोपी घातलेली लहान मुलं होती, सुंतेआधी त्यांना इथे दर्शनाला आणतात. आमच्या मुलीला तो राजाचा पोशाख हवा होता. कशासाठी असतो ते तिला सांगितलं नाही.

इथे बायकांची गर्दी पुरुषांइतकीच. पण सगळं छानच आहे असं मी म्हणणार नाही. बऱ्याच मशिदींत बायकांची जागा मागे, जाळीआड, कधी वरच्या अरुंद सज्जात असते. गुडघेदुखीच्या माणसाला तो जिना म्हणजे परीक्षा. अम्मींचं मत वेगळं पडलं. "जाळीआड का होईना, छताखाली आहेत ना?"

यावर माझं आणि नवऱ्याचं अंगणातच थोडं वाजलं. ते म्हणाले, बाईची नमाज घरात अफजल आहे, हदीस आहे. मी म्हटलं, आहे. आणि बायकांना मशिदीपासून अडवू नका अशीही आहे. घरात पढणं पसंत करणं वेगळं आणि बाहेर जागाच नसणं वेगळं. आपल्याच पुण्यातल्या एका दांपत्याने २०१९ मध्ये याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. त्यावर ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने २०२० च्या सुरुवातीला लेखी उत्तर दिलं की, बाईला मशिदीत येऊन नमाज पढायला इस्लाममध्ये मनाई नाही, जमात तिच्यावर बंधनकारक मात्र नाही. म्हणजे वाद मसल्याचा उरलाच नाही, जागेचा उरला. पुण्यातही काही मशिदींत बायकांची सोय आहे. केरळात तर कितीतरी ठिकाणी आहे. नवरा म्हणाले, "मी कुठे नाही म्हणतोय? कमिटीला सांगायचं कोणी?" अम्मी खुर्चीवर बसून हे सगळं ऐकत होत्या.

परत एमिनोनूला आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. धक्क्यासमोरची यनी जामी दाखवून मी मुलाला सांगितलं की, ही सुलतानाच्या आईने, सफिये सुलतानने, १५९७ मध्ये सुरू केली, मध्ये काम अडून पडलं, आणि १६६० च्या दशकात दुसऱ्या एका सुलतानाच्या आईने, तुरहान सुलतानने, पुरी केली. आपल्याकडे भोपाळची ताज-उल-मसाजिद शाहजहान बेगमने सुरू केली, अहमदाबादची राणी सिप्रीची मशीद तर तिच्याच नावाने ओळखली जाते. बायकांनी बांधलेल्या मशिदी काही कमी नाहीत.

बोटीने युरोपातून आशियात जायला वीसेक मिनिटं लागतात. सीगल पक्षी सोबत उडत येतात आणि लोक त्यांना सिमितचे तुकडे फेकतात. मुलीने स्वतःचा वाटा, भावाचा वाटा आणि अम्मींचा वाटा फेकून टाकला. उस्कुदारच्या धक्क्यासमोरच चौथऱ्यावर मिहरिमाह सुलतान मशीद आहे. सुलेमानच्या मुलीसाठी सिनान यांनी १५४८ मध्ये पुरी केलेली. मगरिब तिथे मिळाली. दिवसभरात अम्मींनी एकही छायाचित्र मागितलं नव्हतं. इथे मात्र त्यांनी नातवाला हाताशी धरलं. बायकांच्या दाराचं काढ. चपलांच्या कपाटाचं. वुजूच्या नळांचं, बसायच्या दगडी ठोकळ्यांसकट. पडदा कशावर टांगलाय त्या दांडीचं. अकरा छायाचित्रं झाली. घुमटाचं एकही नाही.

ती सगळी त्यांनी माझ्या थोरल्या दिरांना पाठवायला लावली, ते मोहल्ल्याच्या मशिदीच्या कमिटीत आहेत. खडकीत तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. आम्ही धक्क्यावर चहा घेत असतानाच त्यांचा फोन आला. "अम्मी, बघितले फोटो. पण आपल्याकडे जागा कुठे आहे?"

"मागच्या जिन्याखाली खोली आहे," अम्मी म्हणाल्या.

"तुम्हाला काय माहीत?"

"पोरं सांगतात. मोडके पंखे आणि जुन्या चटया भरल्यात तिथे. त्याला गल्लीकडून दारही आहे, रंग उडालेलं, ते मी रोज बघते. नळ फक्त ओढून घ्यावा लागेल. पंखे भंगारवाल्याला दे, मी आल्यावर बाकीचं बोलू."

बोट लागल्याचा भोंगा झाला. दीर पलीकडून काहीतरी बोलत होते. अम्मींनी फोन माझ्याकडे दिला आणि मुलीचा हात धरून त्या बोटीकडे चालू लागल्या.