व्होल्टेज मुरतं कुठे?

सह्याद्रीच्या माथ्यावरच्या काही धनगरवाड्यांत सगळी भिस्त छपरावरच्या सोलर प्लेटवर. दिवसभर तिने घेतलेलं ऊन रात्री कोनाड्यातली बॅटरी घराला पुरवते. ही यंत्रणा म्हातारी होऊ लागली की एका रात्रीत बंद पडत नाही. आधी दिवे मिणमिणतात, मग टीव्ही मध्येच बंद पडतो, शेवटी इन्व्हर्टर तिन्हीसांजेलाच ओरडायला लागतो. ‘व्होल्टेज डाऊन आहे’, लोक म्हणतात, आणि पाठोपाठ, ‘बॅटरी गेली.’

या दुसऱ्या वाक्याची मला मनापासून चीड आहे. त्याच्यापायी धडधाकट बॅटऱ्या भंगारात जातात. आणि वाड्यावर नवी बॅटरी न्यायची म्हणजे पैशांची जुळणी झाल्यावरही पन्नासेक किलोंचं ओझं पायवाटेने वर चढवायचं असतं.

दिवाळीनंतर अशाच एका वाड्यावर मीटर घेऊन बसलो होतो. “पानी घातलंय की रं बाळा, परवाच,” आजी म्हणाल्या. खरंच घातलं होतं. बारा व्होल्टची शिशाची बॅटरी भरलेली आणि विसावलेली असली की १२.७ दाखवते, निम्मी उतरली की १२.२च्या आसपास. पण विसाव्यातल्या आकड्यावर मी विसंबत नाही. तिच्यावर भार टाकावा, मग विचारावं. टीव्ही, पंखा, दिवे सगळं लावलं. बॅटरीच्या खुंटांवर १२.१ आणि इन्व्हर्टरच्या तोंडाशी ११. पाटाचं पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचेतो मुरावं, तसा एक व्होल्टहून जास्त दाब वाटेतच मुरत होता.

घरच्या २३० व्होल्टवर १२० वॉटला अर्धा अँपिअर पुरतो. बारा व्होल्टवर त्यालाच दहा अँपिअर लागतात. तारेत वाया जाणारा दाब म्हणजे प्रवाह गुणिले रोध. गेओर्ग ओम यांनी १८२७ साली मांडलेला हा नियम इथे अगदी निष्ठुरपणे लागू होतो. २३० व्होल्टवर खपून जाणारी बारीक तार आणि सैल जोड इथे अंधार करतात.

मीटरची एक सुई शिशाच्या खुंटावर टेकवली, दुसरी त्यावर कसलेल्या तारेच्या टोकावर, म्हणजे लगवर. दोहोंत केसाएवढंही अंतर नव्हतं, तरी मीटर अर्धा व्होल्ट दाखवत होता. बोट लावलं तर जोड कोमट. अर्धा व्होल्ट गुणिले दहा अँपिअर, म्हणजे पाच वॉट तिथेच उष्णता होऊन जात होते. लगखाली निळसर-पांढरी बुरशीसारखी पूड चढली होती. आधी ऋण टोक सोडलं, मग धन. गरम पाण्यात खायचा सोडा कालवून ओतला, पूड फसफसत विरघळली. तारेच्या ब्रशने शिसं उजळलं, लग कसली, वरून व्हॅसलिन फासलं. अर्ध्या व्होल्टचे शतांश उरले. बाकीची गळती घरगुती फिटिंगच्या बारीक तारेतली; ती बदलून जाड टाकायची.

आता बॅटरी. आम्लाच्या घनतेवरून कप्पा किती भरलाय ते सांगणाऱ्या हायड्रोमीटरने पाच कप्पे १.२२०च्या आसपास, सहावा मागे, १.१४०. आषाढ-श्रावणातले ढगाळ आठवडे बॅटरी अर्धपोटी राहते, आणि तिच्यातलं लेड सल्फेट कडक खड्यांसारखं घट्ट होत जातं. त्यातच ऐनाची एक फांदी प्लेटवर आली होती. प्लेटचे छत्तीस सेल एका माळेत. थोड्यांवर सावली पडली तरी साऱ्यांचा प्रवाह आखडतो. फांदी छाटली.

योजनेतून प्लेट येते, बॅटरी येते. दर सहा महिन्यांनी पान्हा आणि हायड्रोमीटर घेऊन घाट चढणाऱ्या माणसाची तरतूद मला कुठल्याच वाड्यावर दिसली नाही. प्लेट पंचवीस वर्षं टिकू शकते; एका लगपायी तिच्याखालच्या घरात अंधार व्हावा, हे मला सहन होत नाही.

आजींच्या नातीला हायड्रोमीटर वाचायला शिकवला. आम्ल डोळ्यांत उडू नये म्हणून चष्माही दिला. तिने सहाही कप्पे स्वतः मोजून वहीत उतरवले. लख्ख उन्हाचे काही दिवस बॅटरी पुरती भरू द्यायची, मग पुन्हा मोजून मला फोन करायचा, असं ठरलंय. सहावा वर आला तर आणखी एक पावसाळा निघेल.