अतिदक्षतेचा हिशेब

जयपूरचे सवाई मानसिंग रुग्णालय, म्हणजे राजस्थानातील लोकांच्या बोलण्यातले ‘एसएमएस’, हे दौसा, टोंक, सीकर, अलवर, भरतपूर अशा जिल्ह्यांतून निघालेल्या अत्यवस्थ रुग्णांचा शेवटचा आधार आहे. 1947 साली तेथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि पुढे शहरात खासगी रुग्णालयांची मोठी भर पडली, तरी गावातला दवाखाना, मग तालुक्याचे किंवा जिल्ह्याचे रुग्णालय आणि तिथून ‘रेफर’ होऊन जयपूर, हा रुग्णाचा प्रवास फारसा बदललेला नाही. ज्यांचे एक किंवा अनेक अवयव निकामी होऊ लागले आहेत अशा रुग्णांना यंत्रांचा आणि चोवीस तासांच्या देखरेखीचा आधार देणारा, आजार आटोक्यात येईपर्यंत त्यांना तगवून धरणारा तो अतिदक्षता विभाग, म्हणजेच आयसीयू. पण त्या विभागात रुग्ण पोहोचतो तेव्हा आजाराचे कित्येक तास, कधी कित्येक दिवस, आधीच खर्ची पडलेले असतात. या विभागात वर्षे काढलेल्या डॉक्टराला हळूहळू एक गोष्ट पटत जाते: रुग्ण वाचेल की नाही आणि वाचला तर कसा जगेल, याचा बराचसा निकाल विभागाच्या दाराबाहेर लागतो, काही तो आत येण्यापूर्वी आणि काही तो बाहेर पडल्यानंतर.

पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून दिवाळीपर्यंत येणारे तापाचे रुग्ण हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. डेंग्यू आणि मलेरिया यांच्या जोडीला राजस्थानात गेल्या दीड दशकात स्क्रब टायफस हा आजार ठळकपणे दिसू लागला; विदर्भातील डॉक्टरांना तो 2018 च्या नागपूर भागातील साथीपासून चांगलाच परिचित आहे. ओरिएन्शिया सुत्सुगामुशी नावाचा जिवाणू त्याला कारणीभूत असतो आणि झुडपांत व उंच गवतात राहणाऱ्या माइट या सूक्ष्म जीवाची अळी चावल्यामुळे तो माणसाच्या शरीरात शिरतो, त्यामुळे शेतात वाकून काम करणारे आणि गुरांसाठी चारा कापणारे लोक त्याला अधिक बळी पडतात. अळी चावलेल्या जागी पुष्कळ रुग्णांत एक लहान व्रण होतो, ज्याला एश्चर म्हणतात: मध्ये काळी कोरडी खपली, भोवती लालसर कडा, जणू सिगारेटचा चटका बसला आहे. हा व्रण दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्ण त्याविषयी काही सांगत नाही; आणि तो असतो काखेत, जांघेत, स्तनाखाली, कानामागे किंवा घागऱ्याच्या नाडीखाली कमरेवर, म्हणजे घाईच्या तपासणीत जिथे नजर जात नाही नेमका तिथे. तो शोधायचा तर पडदा ओढून, सिस्टरच्या मदतीने, चांगल्या उजेडात, कातडीची प्रत्येक घडी उलगडून डोक्यापासून पायापर्यंत पाहावे लागते. मॉनिटरवरील आकड्यांकडे कितीही वेळ पाहिले तरी ही खपली दिसत नाही.

ती दिसली की निदान बरेचसे झालेले असते आणि औषधही साधे असते. डॉक्सीसायक्लिन ही जुनी, स्वस्त गोळी आहे. शिवाय 2 ऑक्टोबर 2011 पासून राजस्थानातील सरकारी रुग्णालयांत मोफत औषध योजना चालू आहे. पहिल्या आठवड्यात ही गोळी दिली गेली तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. परंतु रेफर होण्याच्या प्रवासात प्रत्येक मुक्कामी रुग्णाला सेफ्ट्रिअॅक्झोनसारखी इंजेक्शने मिळत राहतात, ज्यांचा या जिवाणूवर उपयोग होत नाही, आणि तोवर फुफ्फुसांत द्रव साचतो, मूत्रपिंडे मंदावतात, यकृताला सूज येते, रुग्ण बरळू लागतो. वेल्लोरच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने भारतातील अनेक केंद्रांत झालेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे दिसले की, आजार तीव्र झाल्यावर डॉक्सीसायक्लिन आणि अॅझिथ्रोमायसिन दोन्ही शिरेतून दिल्यास एकट्या औषधापेक्षा गुंतागुंत कमी होते. ही माहिती मोलाची आहे. तरी व्हेंटिलेटरपर्यंत पोहोचलेल्या अशा प्रत्येक रुग्णाच्या कागदांत तीन-चार दिवसांपूर्वी एका गोळीची संधी हुकलेली दिसते, तेव्हा अतिदक्षता विभागाचे काम त्या खेड्यातील दवाखान्यातच सुरू व्हायला हवे होते, हे मान्य करावे लागते.

उष्माघाताचेही तसेच आहे. 19 मे 2016 रोजी राजस्थानातील फलोदी येथे 51 अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. जयपुरातही मे आणि जून हे महिने उन्हात राबणाऱ्यांसाठी जीवघेणे असतात. शरीराच्या आतील तापमान 40 अंशांच्या पुढे गेले आणि शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात. त्यावर तापाच्या गोळीचा उपयोग होत नाही. अंग भिजवणे, जोराचा वारा घालणे, शक्य असेल तर थंड पाण्यात किंवा बर्फात ठेवणे हाच उपचार, आणि तो पहिल्या अर्ध्या तासात करायचा असतो. म्हणून आधी थंड करणे आणि मग गाडीत घालणे हा क्रम आहे. उलट क्रमाने आलेल्या रुग्णाचा मेंदू, यकृत आणि रक्त गोठण्याची क्रिया यांची हानी वाटेतच होऊन गेलेली असते.

विभागाच्या आत जे घडते त्याचा इतिहास फार जुना नाही. 1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली, श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण मरू लागले, तेव्हा ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छिद्र पाडून नळी घालण्याची आणि रबरी पिशवी हाताने दाबून श्वास देण्याची पद्धत वापरली. वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस त्या पिशव्या दाबत बसले आणि अशा रुग्णांतील ऐंशी टक्क्यांहून अधिक असलेले मृत्यूचे प्रमाण काही महिन्यांत निम्म्याखाली आले. भारतात मुंबईच्या जे. जे. आणि ब्रीच कँडी रुग्णालयांत डॉ. फारोख उदवाडिया यांनी ही शाखा रुजवली आणि धनुर्वाताच्या रुग्णांवरील त्यांचे काम विशेष गाजले. धनुर्वाताचे विष एकदा मज्जातंतूंत बसले की कोणतेही औषध ते काढू शकत नाही. शरीर स्वतःच आठवड्यांनी सावरते, आणि तोवर श्वास, रक्तदाब, पोषण व कातडी सांभाळणे एवढेच माणसाच्या हाती असते. अतिदक्षतेचे मर्म याहून अचूक दुसऱ्या आजारात क्वचितच दिसेल.

एवढेच हाती आहे हे कळले तरी अधिक काही करण्याचा मोह सुटत नाही, आणि या शाखेची गेल्या पंचवीस वर्षांतील प्रगती बहुतांशी तो मोह आवरण्यातून झाली आहे. व्हेंटिलेटरवरील रुग्णाला प्रत्येक श्वासात किती हवा द्यायची, हा प्रश्न घ्यावा. पूर्वी ती शरीराच्या दर किलोला 10 ते 15 मिलिलिटर दिली जाई. 2000 साली अमेरिकेतील 861 रुग्णांच्या चाचणीत दर किलोला 12 ऐवजी 6 मिलिलिटर दिल्यावर मृत्यूचे प्रमाण सुमारे 40 वरून 31 टक्क्यांवर आले. सुजलेले फुफ्फुस ताणले गेले की फाटत जाते, हे त्यातून कळले. पण ‘दर किलो’ म्हणजे काट्यावरचे वजन नव्हे. माणूस जाड झाला म्हणून त्याचे फुफ्फुस वाढत नाही, ते उंचीप्रमाणे असते. म्हणून रुग्ण दाखल होताच मोजपट्टी घेऊन टाळूपासून टाचेपर्यंत त्याची उंची मोजावी लागते. 160 सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचे हिशेबाचे वजन सुमारे 57 किलो येते आणि श्वास सुमारे 340 मिलिलिटरचा ठरतो, मग काटा 85 किलो का दाखवेना. काही रुपयांची ती मोजपट्टी लाखोंच्या यंत्राच्या कामाची दिशा ठरवते, आणि गर्दीच्या रात्री नेमकी तीच वापरायची राहून जाते.

रक्तातील साखर इन्सुलिनने काटेकोर खाली ठेवावी, हा आग्रहही असाच मागे घ्यावा लागला, कारण 2009 साली प्रसिद्ध झालेल्या सहा हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत त्यामुळे मृत्यू वाढलेले दिसले. झोपेची औषधे रोज सकाळी थांबवून रुग्णाला जागे होऊ द्यावे, म्हणजे तो व्हेंटिलेटरवरून लवकर सुटतो, हे 2000 साली दाखवले गेले. कोविडच्या काळात मोह आवरण्याचा हा धडा पुन्हा गिरवावा लागला. मार्च 2020 च्या आरंभी राजस्थानातील पहिले रुग्ण असलेल्या इटालियन पर्यटक दांपत्याला एसएमएसमध्ये एचआयव्हीवरील लोपिनाविर आणि रिटोनाविर ही औषधे दिली गेली. तेव्हाच्या तुटपुंज्या माहितीत तो निर्णय रास्त होता. त्याच वर्षी ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीत या औषधांचा फायदा आढळला नाही, उलट डेक्सामेथासोन या जुन्या स्वस्त स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरील रुग्णांतील मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटवले. चाचणी होईपर्यंत धीर धरणे आणि झाल्यावर आपली सवय मोडणे, या दोन्ही गोष्टी अनुभवी माणसालाही जड जातात.

बेडजवळ सर्वाधिक वेळ उभी असते ती सिस्टर. डोक्याकडची बाजू 30 अंश उचललेली ठेवणे, तोंडाची स्वच्छता, दर दोन तासांनी कूस बदलणे, नळीत साचलेला कफ ओढून घेणे, मध्यवर्ती शिरेतील नळीला हात लावण्यापूर्वी हात धुणे, ही कामे कोणत्याही बिलात ठळक छापली जात नाहीत. पण न्यूमोनिया, शय्याव्रण आणि रक्तातील जंतुसंसर्ग त्यांनीच टळतो. रात्रपाळीला एका सिस्टरकडे दोन रुग्ण आहेत की सहा, हे पाहिल्यावर त्या विभागाच्या निकालाचा अंदाज यंत्रांच्या यादीपेक्षा अधिक नेमका बांधता येतो. इथला रुग्ण स्वतः उठून चालू शकत नाही, याचे भान इमारत बांधणाऱ्यांनाही हवे. 5 ऑक्टोबर 2025 च्या रात्री एसएमएसच्या ट्रॉमा सेंटरच्या आयसीयूत आग लागून किमान सहा रुग्ण दगावले. त्याआधी 2021 साली भंडाऱ्यात दहा नवजात बालके गेली, त्याच वर्षी विरार आणि अहमदनगर येथील आयसीयू जळाले. ऑक्सिजनने भरलेल्या खोलीतील वायरिंग हाही उपचाराचाच भाग आहे, ही जाणीव अजून पुरेशी रुजलेली नाही.

निकाल मोजण्याची साधने मात्र आहेत. 1985 साली आलेली अपाची-दोन ही गुणपद्धती ताप, नाडी, रक्तदाब, रक्तातील क्षार अशी बारा मापे, वय आणि जुने आजार यांवरून आजाराची तीव्रता सांगते; त्यामुळे अधिक गंभीर रुग्ण घेणाऱ्या रुग्णालयावर नुसत्या मृत्यूंच्या आकड्यावरून अन्याय होत नाही. डॉ. जिगीषु दिवाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010-11 मध्ये भारतातील शंभराहून अधिक आयसीयूंची पाहणी केली, तिच्यात चार हजारांहून अधिक रुग्णांपैकी सुमारे 18 टक्के आयसीयूतच मरण पावले, आणि बहुसंख्य रुग्णांच्या उपचाराचा खर्च घरच्यांनी स्वतः केला होता. या दुसऱ्या गोष्टीचा पहिलीशी थेट संबंध आहे. पैसे संपले की नातेवाईक ‘घर ले जाएँगे’ म्हणतात, वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध नेल्याच्या कागदावर सही होते, आणि तो मृत्यू कोणत्याच आकड्यात येत नाही. राजस्थानने 2021 साली चिरंजीवी विमा योजना आणली आणि 2023 साली आरोग्याच्या हक्काचा कायदा केला, ज्याच्या विरोधात जयपूरच्या रस्त्यांवर डॉक्टरांची मोठी आंदोलनेही झाली. योजनांची नावे पुढे बदलली, पण घर विकून उपचार करणाऱ्या कुटुंबांचा भार त्यांनी काही अंशी नक्कीच हलका केला आहे.

उपचार थांबवण्याचा प्रश्न याहून वेगळा, आणि तो पैशाच्या प्रश्नात मिसळू देणे घातक. मुंबईच्या केईएममधील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात 7 मार्च 2011 रोजी, मग दुसऱ्या एका प्रकरणात 9 मार्च 2018 रोजी आणि शेवटी जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी करत नेली: सुधारणेची आशा नसताना रुग्णाची आगाऊ लेखी इच्छा किंवा कुटुंबाची संमती आणि डॉक्टरांच्या दोन मंडळांचा निर्णय यांच्या आधारे कृत्रिम आधार काढता येतो. तरीही बहुतेक ठिकाणी हे बोलणे फार उशिरा, दाराशी उभ्या उभ्या, तेही घरातल्या एखाद्याच पुरुषाशी होते. बसायला खुर्ची, अर्धा तास आणि तोच तो डॉक्टर रोज समोर येणे, एवढ्याने कुटुंबाचा निर्णय पुष्कळ वेळा शांतपणे होतो.

आणि जे वाचतात त्यांचे काय? अत्यवस्थ रुग्णाचे स्नायू पहिल्या आठवड्यातच झपाट्याने झडतात. जंतुसंसर्ग, अंथरूण आणि काही औषधे मिळून हातापायांतील बळ जाते. विभागात असताना झालेल्या भ्रमातील दृश्ये महिनोन् महिने रात्री पिच्छा सोडत नाहीत, लक्ष लागत नाही, हिशेब चुकतात. शरीर, बुद्धी आणि मन यांच्या या एकत्रित दुखण्याला अतिदक्षतोत्तर लक्षणसमूह म्हणतात. जयपूरच्या जुन्या तटबंदीच्या आत रत्नांना पैलू पाडणाऱ्या कारागिराच्या दृष्टीने बोटांतील बारीक पकड परत न येणे म्हणजे रोजगार जाणे होय, आणि रुग्णालयाच्या नोंदवहीत मात्र त्याच्या नावापुढे ‘सुधारून घरी’ असेच लिहिलेले असते. हे नुकसान पुष्कळ अंशी टाळता येते: व्हेंटिलेटरवर असतानाच रुग्णाला बेडच्या कडेला बसवणे, फिजिओथेरपी लवकर सुरू करणे, चष्मा आणि श्रवणयंत्र त्याचे त्याला देणे, रात्री दिवे मंद ठेवून झोपू देणे, घरच्या माणसाला जवळ येऊन नावाने हाक मारू देणे.

म्हणून जयपूर असो वा जालना, प्रत्येक आयसीयूने घरी गेलेल्या रुग्णाला तीन महिन्यांनी परत बोलवावे, तो जिने चढतो का, कामावर गेला का, झोपतो का, हे विचारून वहीत नोंदवावे. त्या नोंदीशिवाय दिलेली यशाची टक्केवारी अपुरी आहे. आणि वाचकांनी आपल्या माणसाला मोठ्या रुग्णालयात हलवताना एका कागदावर ताप किंवा त्रास केव्हा सुरू झाला, कोणकोणती औषधे व इंजेक्शने कोणत्या वेळी दिली आणि लघवी शेवटची केव्हा झाली, एवढे लिहून तो कागद रुग्णाबरोबरच गाडीत द्यावा.