वाफसा

प्रिय दादा,

परवा फोनवर तू एकच प्रश्न विचारलास. "एवढे पैसे घालून चिखल तुडवायला गेलतीस का गं?" तेवढ्यात पिंकीने फोन ओढून घेतला. शाळेतून मिळालेल्या सायकलचे ब्रेक कसे आवळायचे ते तिला विचारायचं होतं, आणि तुझं बोलणं तिथेच राहिलं. तू चेष्टेने विचारलं नव्हतंस, हे मला कळलं. चिखल म्हणजे तुझ्यासाठी काय असतो ते मला ठाऊक आहे, असं मी इतकी वर्षं समजत होते. उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

शर्यतीचं नाव टूर डिव्हाइड. कॅनडातल्या बॅन्फमधून निघायचं आणि रॉकी पर्वताच्या अंगाखांद्यावरून मोंटाना, आयडाहो, वायोमिंग, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको अशी राज्यं ओलांडत मेक्सिकोच्या हद्दीवरच्या अँटिलोप वेल्सला पोचायचं. अंतर साधारण ४,४०० किलोमीटर, त्यातलं बहुतेक मुरमाच्या आणि मातीच्या रस्त्यांचं. आपल्या घराच्या आढ्यावरून पाणी जसं दोन पाखांवर वाटलं जातं, तसं हे या खंडाचं आढं आहे. इकडे पडलेला थेंब पॅसिफिकला, तिकडे पडलेला अटलांटिकला. हे आढं वाटेत तीसेक वेळा ओलांडावं लागतं.

२००८ पासून ही शर्यत भरते. प्रवेश फी नाही, बक्षीस नाही, मांडव नाही, वाटेत पाणी घेऊन कोणी उभं नाही. जे दुकान सगळ्यांना उघडं असेल तिथे विकत घ्यायचं, मोडलं तर आपणच दुरुस्त करायचं, रात्र होईल तिथे पथारी टाकायची. लेल विलकॉक्स नावाची एक बाई २०१५ मध्ये अलास्कातल्या आपल्या गावाहून बॅन्फपर्यंतसुद्धा सायकलनेच आली आणि मग ही शर्यत १७ दिवस १ तास ५१ मिनिटांत पुरी केली. तिच्याबद्दल वाचलं, त्या रात्री मला झोप लागली नव्हती. मला २७ दिवस लागले. ते मला पुरेसे आहेत.

निघायचा दिवस जूनचा दुसरा शुक्रवार. म्हणजे नेमका मृगात. तू तिकडे बियाणाच्या बॅगा घरात रचून आभाळाकडे बघत होतास. मी इकडे, पाऊस येऊ नये म्हणून आभाळाकडे बघत होते.

आठव्या दिवशी तो आलाच.

मोंटानात लिमा नावाचं एवढंसं गाव आहे. त्याच्या अलीकडे मेडिसिन लॉज-शीप क्रीक नावाची खिंड लागते. उघडं रान. झाड नाही, घर नाही, गुरांच्या कुंपणांची फाटकं तेवढी उघडायची आणि आठवणीने लावायची. दोन्ही बाजूंना सेजब्रशची राखाडी झुडपं, पाऊस पडला की त्यांचा औषधी वास सुटतो. दुपारी चारला गारा पडल्या, मग तासभर पाऊस. आपल्या झडीपुढे तो पाऊस काहीच नव्हता. पण रस्ता माझ्या डोळ्यांदेखत बदलला. आधी चाकाखाली 'चर्र' असा आवाज येऊ लागला, मग टायर जाड दिसायला लागलं, मग मागचं चाक फिरायचंच थांबलं. टायर आणि फ्रेमच्या मधल्या फटीत माती अशी ठासून बसली की सायकल ढकलली तर चाक न फिरता फरफटत येई.

दादा, मी खाली बसले, चिमूटभर माती बोटांत घेतली आणि चोळली. रंग करडा होता, पण बोटांना ओळख पटली. ही आपलीच.

परत आल्यावर मी वाचलं. या भागातल्या अशा चिकट मातीला बेंटोनाइट म्हणतात. वायोमिंगमधल्या बेंटन नावाच्या खडकावरून हे नाव १८९८ मध्ये पडलं. फार जुन्या काळी ज्वालामुखीची राख पडली, ती कुजत कुजत ही माती झाली. आपली काळी माती सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या दगडाची. एक राखेची, एक लाव्ह्याची, पण दोघींच्या पोटात एकाच घराण्याची खनिजं आहेत. त्यांचे कण वहीच्या पानांसारखे एकावर एक असतात आणि पानांच्या मधे पाणी शिरतं. पाणी शिरलं की माती फुगते, चिकटते. पाणी गेलं की आकसते. उन्हाळ्यात आपल्या वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. सायकलवाले तिला 'पीनट बटर' म्हणतात. आपण नुसतं म्हणतो, माती जोडा धरायला लागली.

आता माझी चूक सांगते. तू लहानपणापासून बजावत आलास, वाफसा आल्याशिवाय वावरात पाय टाकायचा नाही. ओल्या रानात औत घातलं की ढेकळं दगडासारखी होतात आणि ते रान वर्षभर सूड घेतं. हे वाक्य मला पाठ होतं. पण शर्यतीत माणसाला थांबवत नाही. माझ्या पुढच्या माणसाच्या पायांचे ठसे मला दिसत होते आणि डोक्यात एकच होतं, तो चालतोय तर मीही चालणार.

माझ्याजवळ रंग ढवळायची एक लाकडी पट्टी होती, वाटेतल्या एका दुकानात घेतलेली. ती फटीत घालायची, माती ओरबाडून काढायची, वीस पावलं ढकलायचं, पुन्हा तेच. पुढे वीसची दहा पावलं झाली. मग मी सायकल उचलली. सामानासकट बावीस किलोची, चिखलानं आणखी किती जड झाली होती देव जाणे. शंभर पावलं नेऊन खाली ठेवायची, बुटांचे गोळे झटकायचे, पुन्हा उचलायची. हे किती वेळ चाललं ते सांगता येत नाही. तिकडे जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, आणि अंधार पडेपर्यंत मी चालत होते.

शेवटी एका उतारावर चाक जरा फिरतंय असं वाटलं आणि मी चढून पायंडल मारलं. कडकन आवाज आला. गिअर जिथे फ्रेमला अडकतो तिथे हँगर म्हणून बोटाएवढा एक नरम अॅल्युमिनियमचा तुकडा असतो. मुद्दाम कच्चा ठेवतात. ताण आला की तो मोडतो आणि फ्रेम वाचते, तुझ्या रोटाव्हेटरचा शिअर बोल्ट तुटून गिअरबॉक्स वाचतो तसंच. चेनला लोंबकळणारा गिअर मी बॅटरीच्या उजेडात पाहिला. दुसरा हँगर माझ्याकडे होता. पण बोटं इतकी गारठली होती की मटाराएवढा स्क्रू दोन वेळा चिखलात पडला. दुसऱ्यांदा सापडला तेव्हा मी तो जिभेखाली धरून ठेवला. आणि मग थांबले. झुडपांच्या कडेला प्लास्टिक अंथरलं, झोपायच्या पिशवीत शिरले आणि सायकल तशीच आडवी टाकून दिली.

त्या रात्री मला बाबांची बाज दिसली.

मी पुण्यात होस्टेलवर, शेवटच्या वर्षाला. आषाढाची झड लागलेली. बाबांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा तुम्ही सगळे आखाड्यावर होतात. डांबरी सडकेपर्यंत तीन किलोमीटरची पांदण. बैलगाडी आखापर्यंत रुतली, मग तुम्ही चौघांनी बाज खांद्यावर घेतलीत. अॅम्ब्युलन्स सडकेवर उभी होती, ती आत येऊच शकत नव्हती. बाबा तिसऱ्या दिवशी गेले. मी पोचले तेव्हा तू मला एवढंच म्हणालास, "चिखलामुळं उशीर झाला." मी मान हलवली. पुढच्या सगळ्या वर्षांत मी ते वाक्य तसंच ठेवलं, उघडून पाहिलं नाही. पांदणीची मोजणी दोनदा झाली, मुरूम एकदा पडून वाहून गेला, त्यावर आपण फोनवर कितीदा तरी बोललो. बाजेबद्दल कधीच नाही.

बावीस किलोची सायकल मला शंभर पावलांवर खाली ठेवता येत होती. तुला बाज ठेवता येत नव्हती. मी दमले तर झुडपाच्या कडेला झोपू शकत होते. पाय घसरला तर माझी सायकल पडली असती. तुझा पाय घसरला असता तर... चिखलात पाऊल टाकताना आधी अंगठा रोवायचा, मग टाच, ही पद्धत मला त्या खिंडीत आठव्या दिवशी सापडली. तुम्हा चौघांना ती एकाच लयीत जमवावी लागली असेल, नाहीतर बाज हेलकावली असती. मी हे पहिल्यांदा पायांनी समजून घेत होते आणि मला रडू आवरत नव्हतं.

तू विचारलंस चिखल तुडवायला का गेलीस. खरं सांगायचं तर चिखलासाठी गेले नव्हते, डोंगरांसाठी गेले होते. पण परत आले ती ही रात्र घेऊन. आणि एक लाज घेऊन, की जो चिखल तू दर मृगात बिनबोभाट ओलांडतोस तो समजायला मला विमानाचं तिकीट काढावं लागलं.

सकाळी ऊन पडलं आणि वारा सुटला. मी काहीच केलं नाही, नुसती बसून राहिले. आधी झुडपं वाळली, मग रस्त्याच्या उंचवट्यावर फिकट रंगाची साय धरली. टायरवरची माती आकसून तिच्या कडा उचलल्या गेल्या. पट्टीने हलकेच टोचलं की खपल्या गळून पडत होत्या, आदल्या संध्याकाळी ज्या मातीला मी नखांनी ओरबाडत होते तीच. दहाच्या सुमारास रस्त्यावर पाऊल टाकून पाहिलं. ठसा उमटला, पण बुटाला काही आलं नाही. मूठभर माती घेऊन दाबली, गोळा झाला, बोटाने टोचला तर फुटला. तू मला बांधावर उभं करून हेच दाखवलं होतंस. वाफसा! मी तो शब्द तिथे मोठ्याने उच्चारला. ऐकायला एक गाय होती.

हँगर बसवायला दहा मिनिटं लागली.

पुढचं भराभर सांगते, कारण पुढे नुसते डोंगर आणि वारा. वायोमिंगमध्ये एक खोरं लागलं, त्यातलं पाणी कोणत्याच समुद्राला जात नाही, तिथेच जिरतं आणि उडून जातं. कोलोरॅडोत इंडियाना पास, जवळजवळ ३,६३० मीटर, तिथे कडेला अजून बर्फ होतं. न्यू मेक्सिकोत जुलै उजाडला आणि तिकडचा पाऊस सुरू झाला. त्या पावसाला तिकडची माणसं 'मान्सून'च म्हणतात, हे ऐकून मला फार बरं वाटलं.

पाय टाउन नावाच्या गावाच्या अलीकडे दुपारी आभाळ काळं झालं. पहिले थेंब पडले तशी मी रस्त्यावरून उतरले, ताडपत्री बांधली आणि बसले. आणखी दोघं जण मला ओलांडून पुढे गेले. त्यांनी हात केला, मीही केला. चार तास बसले. बदाम खाल्ले, चेन पुसली, पाय वाळवले. संध्याकाळी रस्त्याने साय धरली तशी निघाले. अडीच किलोमीटरवर ते दोघं सापडले, सायकली उलट्या करून फटीतली माती काढत होते. मी माझी पट्टी त्यांना दाखवली, पण नियमाने देता येत नव्हती, म्हणून तिथलीच एक वाळकी काडी उचलून कशी धरायची ते दाखवलं. तू शाळेच्या वाटेवर माझ्या सायकलच्या मडगार्डमध्ये तुराटी घालून माती काढायचास, अगदी तशी. मग तू सायकल खांद्यावर घ्यायचास आणि मला म्हणायचास, माझ्या पावलात पाऊल टाक.

अँटिलोप वेल्सला काही नाही. एक कुंपण, एक चौकी, कडक ऊन. मी सायकल कुंपणाला टेकवली आणि सावलीला बसले. फोनला रेंज नव्हती. असती तर पहिला फोन तुलाच केला असता.

पिंकीला सांग, ब्रेकची वायर चिमट्याने ओढून धरायची आणि मगच नट आवळायचा. पावसाचे चार महिने चेनला तेल कमी घालायचं, जास्त घातलं की माती धरते. आणि ओल्या पांदणीतून सायकल चालवायची नाही, उचलायची.

पोळ्याला येते आहे. तिकीट काढलंय. आल्यावर मला एकदा त्या पांदणीतून आखाड्यापासून सडकेपर्यंत तुझ्याबरोबर चालायचं आहे, पाऊस असला तरी, असेल तर बरंच. मला नंतर कळलं होतं, बाबा वाटेत शुद्धीवर होते. तीन किलोमीटर म्हणजे खूप वेळ, दादा. मला आता कळतं किती असतो. ते काही बोलत होते का रे?

तुझी,
छोटी