रिपोर्ट चांगला, मग कंबर का दुखते?

आमच्या ह्यांनी २२ वर्षे बाजारात पोती वाहिली. मग कंबरेतून उजव्या पायात कळ जाऊ लागली. मणक्याचे ऑपरेशन झाले, तरी कळ थांबेना. पुन्हा रक्त तपासले. ईएसआर आणि सीआरपी दोन्ही ठीक आले. तो कागद पाहून मुकादम म्हणाला, "रिपोर्ट तर नॉर्मल आहे, मग सुट्टी कशाला?" खरे सांगते, माझ्याही मनात शंका आली. रात्री हे भिंतीला धरून उठत, तेव्हा मी झोपेचे सोंग घेई.

थोरली लेक बारावीला. तिने कुठेतरी पाठीत बसवायच्या यंत्राबद्दल वाचले. "माझ्या फीचे पैसे मोडा, पण बाबांना बरे करा," असा तिने हट्ट धरला. आम्ही तिघे सरकारी दवाखान्यात गेलो.

डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावले. "ताई, ह्या तपासण्या अंगातली सूज दाखवतात. जंतुसंसर्ग किंवा काही प्रकारचा संधिवात असेल तर आकडे वाढतात. नसेचे दुखणे त्यात बहुधा दिसत नाही. रिपोर्ट चांगला म्हणजे माणूस खोटा, असे नव्हे." मी मान खाली घातली.

मग यंत्राची गोष्ट निघाली. वेदनेला मज्जारज्जूत जणू एक फाटक असते, असा विचार मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी १९६५ साली मांडला. १९६७ साली अमेरिकेत डॉ. नॉर्मन शिली यांनी कर्करोगाच्या एका रुग्णाला पहिले यंत्र बसवले. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक तारा ठेवतात आणि कातडीखाली बॅटरी. आधी काही दिवस बॅटरी बाहेर ठेवून पाहतात. दुखणे निदान निम्मे कमी झाले तरच यंत्र कायमचे बसवतात. तारा सरकू शकतात, जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि खर्च लाखांत जातो. या यंत्राने रक्तातली सूज वाढवणारी द्रव्ये कमी होतात का, याचाही अभ्यास चालू आहे. पण तेवढ्यावरून यंत्र कोणाला लागू पडेल, हे सांगता येत नाही.

"आधी नसेच्या गोळ्या, रोजचा व्यायाम आणि ओझे बंद. यंत्राचा विचार त्यानंतर," बाई म्हणाल्या. त्यांनी तशी चिठ्ठीही लिहून दिली. ती दाखवल्यावर ह्यांना काट्यावर वजन नोंदवायचे काम मिळाले. लेकीची फी शाबूत राहिली.

कळ पूर्ण गेलेली नाही. पण आता हे रात्री उठले की मी सोंग घेत नाही, उठून हात देते. माझ्या भगिनींना एवढेच सांगणे आहे. घरातले माणूस दुखते म्हणाले, तर कागद पाहण्याआधी त्याच्यावर विश्वास ठेवा. आणि महागड्या उपचारासाठी पैसे मोडण्याआधी चार प्रश्न जरूर विचारा.