तुझ्या घरातली वाफ

कराड

चि. सोनूस,


तुझ्या अमेरिकेतल्या घराचे तू पाठवलेले व्हिडिओ नीट पाहिले. तळघरातला बॉयलर, खोल्यांमधले बिडाचे रेडिएटर, पहाटेची ती ठणठण, सगळं. तुझा मेकॅनिक म्हणतो, वाफ बंद करू आणि याच नळांतून गरम पाणी फिरवू. ‘याच नळांतून’ हे ऐकलं आणि लगेच लिहायला बसलो. माझी उभी नोकरी साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये गेली. आमची वाफ 32 नाहीतर 45 किलो प्रेशरची, तुझी 2 पौंडांच्या आतली. पण नियम दोन्हीकडे तेच.

हे रेडिएटर एवढे अवाढव्य का, ते आधी सांगतो. 1918 च्या सप्टेंबरात बॉस्टनमध्ये इन्फ्लुएंझाने थैमान घातलं. त्याच सुमारास तो मुंबई इलाख्यातही पसरला; आपल्याकडची जुनी माणसं त्याला मानमोडी म्हणायची. बंद खोलीतली कोंदट हवा घातक, ही समजूत अमेरिकेत आधीपासून होतीच. साथीनंतर ती घट्ट झाली, भर थंडीत खिडक्या उघड्या ठेवा असं लोकांना सांगितलं जाऊ लागलं. मग वर्षातल्या सर्वांत थंड रात्री खिडकी उघडी असली तरी खोली उबदार राहिली पाहिजे, असा हिशेब धरून रेडिएटरची मापं निघाली. तुझं घर त्यानंतरच्याच दशकातलं. आज त्याच खिडक्यांना दुहेरी काचा आहेत आणि त्या घट्ट बंद असतात. माडीवर तुम्हाला उकडतं त्याचं मोठं कारण हे.

तुझ्याकडे एकनळी पद्धत आहे. वाफ ज्या नळाने वर चढते, त्याच नळाच्या उतारावरून तिचं पाणी होऊन बॉयलरकडे परततं. पंप कुठेच नाही. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून जास्त जागा मागते, म्हणून आपोआप धावते. रेडिएटरमध्ये एक किलो वाफेचं पाणी होताना जवळजवळ 540 किलोकॅलरी उष्णता सुटते. तेच एक किलो गरम पाणी 10 अंशांनी निवलं तर जेमतेम 10. इतक्या कमी साधनांत एवढं काम करून घेणाऱ्या त्या जुन्या कारागिरांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

ठणठण मात्र त्यांनी ठेवलेली नाही. नळाला कुठे पोट आलं की तिथे पाणी साचतं, मागून आलेली वाफ ते उचलून कोपराच्या जोडावर आदळते. आम्ही त्याला वॉटर हॅमर म्हणतो. तुझ्या तळघरात मला नळ उघडे दिसले. त्यांच्यावर एकेकाळी ॲस्बेस्टॉसचं वेष्टण असणार. ते काढलं, पण नवं कुणी घातलं नाही. त्यामुळे वाफ वाटेतच पाणी होते आणि पुढच्या खोलीपर्यंत पोचतच नाही. (कुठे जुना पांढरा थर उरला असेल तर त्याला हात लावू नकोस, परवाना असलेल्या माणसालाच बोलाव.) शिवाय रेडिएटरचा व्हॉल्व्ह तू अर्धवट फिरवलेला दिसतो. एकनळी पद्धतीत तो पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंदच हवा, नाहीतर वर जाणारी वाफ आणि खाली येणारं पाणी त्या चिंचोळ्या फटीत भांडत राहतात.

आता बदलायचं का? बदलण्यातही अर्थ आहे. पाण्याचा आधुनिक बॉयलर इंधन कमी खातो, आणि मुळात मोठे असलेले रेडिएटर कमी तापलेल्या पाण्यावरही खोली गरम ठेवू शकतील. पुढे हीट पंप लावायचा असेल तर तीच मोठी जमेची बाजू. पण पाण्याला जायला एक आणि यायला एक असे दोन नळ लागतात, म्हणजे भिंती फोडणं आलं. दुमजली घरात पाण्याचं प्रेशर 12 पौंडांपासून वर असतं. 2 पौंडांवर आयुष्य काढलेले जोड भिंतीच्या आत पाझरू लागले तर कळेल केव्हा? आणि काही रेडिएटरचे खण फक्त तळाशी जोडलेले असतात, त्यांत पाणी नीट फिरतच नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: या हिवाळ्यात काही उपटू नकोस. नळांना वेष्टण घाल, रेडिएटरवरचे आणि तळघरातल्या मुख्य नळाच्या टोकाचे एअर व्हेंट बदल, रेडिएटर व्हॉल्व्हकडे किंचित कलते कर. उकडणाऱ्या खोलीत एअर व्हेंटच्या जागी बसणारा थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह मिळतो. पुढे स्वयंपाकघर आणि न्हाणीघराचं काम काढून भिंती उघडशील, तेव्हा दोन नळांचा विचार कर.

बॉयलरच्या गेज ग्लासमध्ये पाणी आहे ना, हे मात्र आठवड्याला बघ. परतीच्या नळातून गळती झाली तरी बॉयलर कोरडा पडू नये म्हणून 1919 मध्ये हार्टफर्डच्या बॉयलर-विमा कंपनीने एक खास जोडणी पुढे आणली. हार्टफर्ड लूप म्हणतात तिला. तुझ्याकडे ती आहे का, त्या मेकॅनिकलाच दाखवायला सांग. दाखवता आली नाही तर दुसरा माणूस शोध.

प्रत्येक रेडिएटरची उंची, खणांची संख्या आणि खण वरूनही जोडलेत की नाही, एवढं लिहून पाठव. बॉयलरच्या पाटीचाही फोटो हवा. दोन्हींचा मेळ बसतो का, ते मी मांडून कळवतो.

तुझा,
काका